शंभर वर्षांची पायपीट

वयाच्या तेविसाव्या वर्षी मॅट्रिक आणि सव्विसाव्या वर्षी बी. ए.; घरची स्थिती बेताची, स्वभाव कमालीचा बुजरा आणि वक्तृत्व जवळजवळ नाहीच. नोकरीच्या अर्जांच्या गठ्ठ्यात अशी कागदपत्रे आज कोणाच्या हाती पडली, तर ती बाजूला सारली जाण्याचीच शक्यता अधिक. दहावी-बारावीच्या टक्क्यांवर मुलांचे भवितव्य ठरवणाऱ्या आणि तिशीच्या आत स्थिरावू न शकलेल्या माणसाकडे काळजीने पाहणाऱ्या शहरी मध्यमवर्गाने धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र म्हणूनच पुन्हा एकदा उघडून पाहायला हवे. पुण्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, उपनगर आहे. मुंबईत चर्चगेटवरून जाणारा गजबजलेला रस्ताही त्यांच्याच नावाचा आहे. रस्त्यांना नावे दिली की माणसे पत्त्यात उरतात आणि स्मरणातून जातात. कर्व्यांच्या बाबतीत काहीसे तसेच झाले आहे. महर्षी, भारतरत्न, स्त्रीशिक्षणाचे प्रवर्तक एवढी बिरुदे उच्चारून झाली की त्यांच्याविषयीचे आपले कुतूहल संपते. त्या बिरुदांखाली दडलेला साधा, सावकाश चालणारा आणि पुष्कळदा चाचपडणारा माणूस मात्र अधिक विलोभनीय आहे.

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या गावी, आजोळी झाला. त्यांचे घर दापोली तालुक्यातील समुद्रकाठच्या मुरुड गावी होते. कुटुंब एकेकाळी संपन्न होते; परंतु धोंडोपंतांच्या जन्माच्या वेळी त्या संपन्नतेच्या आठवणीच काय त्या उरल्या होत्या. वडील केशवपंत दुसऱ्याच्या पदरी नोकरी करीत. या मुलाच्या मनावर पहिला खोल ठसा उमटवला तो मुरुडच्या शाळेतील सोमण गुरुजींनी. गुरुजी केवळ धडे देऊन थांबत नसत. गावाचे काम म्हणजे आपलेच काम, ही जाणीव ते मुलांना प्रत्यक्ष कामाला लावून देत असत. सार्वजनिक पैशाचा हिशेब कसा ठेवावा, लोकांकडे मदत कशी मागावी, याचे बाळकडू कर्व्यांना या गुरुजींकडून मिळाले. पुढे लक्षावधी रुपयांचे व्यवहार त्यांच्या हातून झाले, पण हिशेबाची ती खेडेगावातली शिस्त त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

१८७५ सालची गोष्ट. त्या काळी मराठी सहावीची सरकारी परीक्षा उत्तीर्ण झाले की शिक्षकाची वा तत्सम नोकरी मिळण्याचा मार्ग खुला होत असे. परीक्षेचे केंद्र साताऱ्याला. पावसाळ्याचे दिवस असल्याने समुद्रमार्ग बंद. तेव्हा सतरा वर्षांचा धोंडो सोबत्यांसह पायीच निघाला. भर पावसात, सह्याद्रीचा घाट चढून, शंभराहून अधिक मैलांचे अंतर या मुलांनी चार दिवसांत तोडले. परीक्षेला बसण्यासाठी सतरा वर्षे पूर्ण असण्याची अट होती. धोंडोने ती पूर्ण केली होती आणि तसा दाखलाही त्याच्याजवळ होता. परंतु हा किरकोळ अंगाचा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे परीक्षा समितीच्या प्रमुखांना वाटले आणि त्यांनी त्याला परत पाठवले. दाखल्यापेक्षा साहेबांची नजर मोठी ठरली!

हा प्रसंग चरित्रकार हमखास सांगतात आणि चार दिवसांच्या पायपिटीचे कौतुक करतात. पण खरी कसोटी त्या पायपिटीत नव्हती. तारुण्याच्या उंबरठ्यावर, काहीही चूक नसताना, डोळ्यांदेखत संधी हिरावली गेली की माणसाच्या मनात एक कायमची अढी बसते. पुढच्या प्रत्येक अपयशाचे खापर फोडायला तो प्रसंग आयुष्यभर उपयोगी पडतो. कर्व्यांनी तसा तो वापरला नाही. ते निराश होऊन गावी परतले आणि पुढल्या वर्षी कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यानंतर त्यांनी इंग्रजी शिक्षणास आरंभ केला. त्या वयात इतर मुले मॅट्रिक होऊन बाहेर पडत. कर्वे लहान मुलांच्या शेजारी बसून इंग्रजीची मुळाक्षरे पक्की करीत होते. आजारपणामुळे मध्ये खंड पडला. अखेर मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून १८८१ साली ते मॅट्रिक झाले आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित हा विषय घेऊन १८८४ मध्ये पदवीधर झाले. दरम्यान पंधराव्या वर्षीच, त्या काळच्या रीतीप्रमाणे, त्यांचा विवाह राधाबाईंशी झाला होता. १८८२ मध्ये मुलगा झाला. विद्यार्थी असतानाच ते वडील झाले होते!

मुंबईतील पुढची काही वर्षे शाळांमधून गणित शिकवण्यात आणि खासगी शिकवण्यांत गेली. पहाटे घर सोडावे, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पायी जावे, असा दिनक्रम. उत्पन्न बरे होते, पण त्यातला ठरावीक वाटा लोकोपयोगी कामासाठी बाजूला काढून ठेवायचा, हा नियम त्यांनी तेव्हाच घालून घेतला. मिळकत वाढली की दान करू, असे पुष्कळांना वाटते. मिळकत वाढते आणि गरजाही तिच्यासोबत वाढतात. कर्व्यांनी रक्कम लहान ठेवली आणि नियम कडक ठेवला. नात्यातील होतकरू मुलांच्या शिक्षणाची जबाबदारीही त्यांनी उचलली. त्यांतील एक रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. पुढे १८९९ मध्ये केंब्रिजला गणितात सर्वप्रथम येऊन सीनियर रँग्लर झालेले हे परांजपे मुरुडजवळच्याच खेड्यातले. बुद्धीची ती झेप आपल्यापाशी नाही, हे कर्वे जाणून होते, आणि त्याविषयी त्यांच्या मनात कधी खंत वा असूया दिसली नाही. स्वतःचे माप नेमके ठाऊक असणे, हा त्यांचा मोठा गुण म्हटला पाहिजे.

१८९१ हे वर्ष त्यांच्या आयुष्याला वळण देणारे ठरले. त्या वर्षी राधाबाई निवर्तल्या. मुलगा रघुनाथ अवघा नऊ वर्षांचा. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांना पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवण्यासाठी बोलावले. महाविद्यालयात शिकवण्याइतकी आपली योग्यता आहे का, असा संकोच मनात असतानाही कर्वे पुण्यास गेले आणि तेथे १९१४ पर्यंत अध्यापन करीत राहिले.

तेहेतीस वर्षांच्या विधुराला त्या काळी वधूंची वाण नव्हती. दहा-बारा वर्षांच्या कुमारिकेशी दुसरा विवाह करणे ही तेव्हाची सर्वमान्य रीत होती. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. विधुराला हा मोकळेपणा आणि आठव्या वर्षी विधवा झालेल्या मुलीला मात्र जन्मभराचे वैधव्य, हा अन्याय कर्व्यांना बोचत होता. विधवाविवाहाचे तोंडी समर्थन करणारे सुधारक पुण्या-मुंबईत पुष्कळ होते. स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांतील काही मोठमोठी माणसेही डगमगली होती. कर्व्यांनी ठरवले की विवाह करायचा तर विधवेशीच. मुंबईत त्यांचे बिऱ्हाड ज्यांच्यासोबत होते ते स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई आठव्या वर्षी, विवाहानंतर काही महिन्यांतच, विधवा झाल्या होत्या. सासरी अनेक वर्षे कष्टात काढल्यावर त्या भावाकडे आल्या आणि १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले तेव्हा तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी झाल्या. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात कर्वे आणि गोदूबाई यांचा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सारे त्यांना बाया म्हणू लागले.

पुण्यात थोडे कौतुक, थोडी कुजबुज झाली. मुरुडमध्ये मात्र वीज कोसळावी तसे झाले. ग्रामस्थांनी बहिष्काराचा ठराव केला. या दांपत्याशी संबंध ठेवील त्यालाही तोच दंड, असे ठरल्यामुळे शिक्षा प्रत्यक्षात पुण्यात राहणाऱ्या कर्व्यांना नव्हे, तर गावात राहणाऱ्या त्यांच्या वृद्ध आईला आणि भावाला झाली. त्या घराशी आपला संबंध ठेवायचा तर त्यांचा गावाशी असलेला संबंध तुटणार, असा तो पेच होता. कर्वे मुरुडला गेले तेव्हा त्यांना घरातल्या माणसांत न मिसळता वेगळे राहावे लागले. आपल्या आईच्या घरी परक्यासारखे राहण्यातला सल त्यांनी मनातच ठेवला. ज्यांनी बहिष्कार घातला, त्यांच्याविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रांतून आग ओकली नाही की गावाकडे पाठही फिरवली नाही. लोकांचा राग हा त्यांच्या समजुतीचा राग आहे, आपल्याविषयीचा द्वेष नव्हे, अशी काहीशी त्यांची धारणा असावी. विरोधकांना शत्रू न मानण्याची ही वृत्ती त्यांना पुढे फार उपयोगी पडली.

१८९३ मध्येच त्यांनी विधवाविवाहास उत्तेजन देणारी मंडळी स्थापन केली. तीन-चार वर्षांच्या अनुभवानंतर त्यांच्या ध्यानात आले की पुनर्विवाहाला तयार होणाऱ्या विधवा मोजक्या. ज्यांना विवाह करायचा नाही, किंवा धैर्य नाही, अशा हजारोंचे काय? त्यांना शिकवून स्वतःच्या पायांवर उभे करणे हे अधिक निकडीचे काम आहे. म्हणून १४ जून १८९६ रोजी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या अध्यक्षतेखाली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. शारदा सदनातील धर्मांतराच्या प्रकरणावरून पुण्यात तेव्हा वातावरण तापलेले होते. विधवांसाठीची कोणतीही संस्था संशयाने पाहिली जात होती. अशा स्थितीत आश्रमातल्या मुलींचे पुनर्विवाह लावले जातात, असा प्रवाद पसरला असता तर एकाही बापाने आपली मुलगी तेथे धाडली नसती. कर्व्यांनी आश्रमाचे शिक्षणकार्य आणि विधवाविवाहाची चळवळ यांत स्पष्ट भिंत घातली आणि स्वतः चळवळीच्या कामातून बाजूला झाले.

येथे त्यांच्यावर टीका झाली, आणि ती सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येणार नाही. ज्याने स्वतः विधवेशी विवाह केला त्यानेच आश्रमात तो विषय वर्ज्य करावा, हे अनेक सुधारकांना कच खाल्ल्यासारखे वाटले. आश्रमाचा लाभही प्रारंभीच्या काळात प्रामुख्याने ब्राह्मण समाजातील विधवांनाच मिळाला. मात्र एका वेळी एकच लढाई लढायची आणि ती संपेपर्यंत दुसरीला हात घालायचा नाही, ही कर्व्यांची रीत होती. तिच्यामुळे त्यांच्या विचारांची धार बोथट वाटते; पण तिच्यामुळेच त्यांनी काढलेल्या संस्था टिकल्या, हेही तितकेच खरे.

आश्रम पुण्यात सुरू झाला आणि पाठोपाठ प्लेगने शहर पोखरले. गावाबाहेर जागा शोधणे भाग पडले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथील सहा एकर जागा आणि बांधकामासाठी काही रक्कम दिली, त्यातून एक झोपडी उभी राहिली. १९०० साली आश्रम तेथे गेला. आज कर्वेनगर म्हणून ओळखला जाणारा हा परिसर तेव्हा शेतांनी आणि ओसाड माळाने वेढलेला होता. पुण्याहून सुमारे चार मैलांची वाट, पावसाळ्यात चिखलाची. दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून कर्वे संध्याकाळी पायी हिंगण्यास जात, आश्रमातल्या मुलींना शिकवत, रात्री तेथेच राहत आणि सकाळी पुन्हा पायी महाविद्यालय गाठत. सोबत अनेकदा आश्रमाला लागणारे सामानसुमान असे. दोनेक वर्षे हा क्रम चालला. व्यायाम म्हणून सकाळी टेकडी चढणाऱ्या आणि घरी येताच त्याचे फोटो पाठवणाऱ्या पुणेकरांना हे अंतर ऐकून फारसे आश्चर्य वाटणार नाही. आश्चर्य अंतराचे नव्हे, दुसऱ्या दिवशीही तेवढेच, तिसऱ्या दिवशीही तेवढेच चालण्याचे आहे. एखाद्या दिवशी पाऊस आहे, अंगात कसर आहे, म्हणून न जाण्याला तसे कोणी नावे ठेवली नसती.

सुट्ट्या लागल्या की वर्गणी गोळा करण्यासाठी भ्रमंती सुरू होई. या माणसाला लोकांसमोर उभे राहून बोलण्याची मनस्वी भीती वाटे. भाषण प्रभावी होत नसे. व्यक्तिमत्त्व विकासाच्या आजच्या शिबिरांत ज्या दोषांवर उपाय सांगितले जातात, ते बहुतेक सारे त्यांच्यात होते, आणि ते पूर्णपणे कधीच गेले नाहीत. त्यांनी केले एवढेच की बुजरेपणा जाण्याची वाट पाहिली नाही. बुजरेपणासकट दारोदार गेले. कोणी रुपया दिला, कोणी चार आणे दिले, कोणी दारातूनच वाटेला लावले. जे मिळाले त्याची नोंद वहीत झाली आणि तिचा जमाखर्च लोकांपुढे ठेवला गेला. लोकांचा विश्वास त्यांच्या शब्दांवर बसला नाही, त्यांच्या वहीवर बसला.

या साऱ्या कथेत एक जागा अशी आहे की जेथे कर्व्यांच्या भक्तांना थोडे अडखळावे लागते. ती जागा म्हणजे त्यांचे घर. आश्रमासाठी त्यांनी आपली शिल्लक दिली. पुढे पाच हजार रुपयांची आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून दिली. घरात पत्नी आणि मुले होती. आपल्या माघारी त्यांनी काय करावे, हा प्रश्न बायांना पडला तर तो गैर नव्हता. आनंदीबाईंनी ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात संसाराची ती ओढाताण कोणताही मुलामा न देता सांगितली आहे. तुटपुंज्या पैशांत घर चालवणे, त्यासाठी स्वतः सुईणीचे काम शिकून घेणे, मुलांना वाढवणे, आणि बाहेर बहिष्काराची झळ सोसणे हे सारे त्यांच्या वाट्याला आले. दैवदुर्विलास असा की पुनर्विवाहाशी आश्रमाचा संबंध नको या धोरणामुळे, आश्रमाच्या संस्थापकाची पुनर्विवाहित पत्नी म्हणून त्यांना त्या कामापासूनही काहीसे दूर राहावे लागले. ज्या विवाहाने कर्व्यांच्या कार्याला आरंभ झाला, तोच विवाह त्या कार्यात अडचणीचा ठरला!

वसंत कानेटकरांनी १९७२ मध्ये ‘हिमालयाची सावली’ हे नाटक रंगभूमीवर आणले ते याच संसारावरून. डॉ. श्रीराम लागू यांचे नानासाहेब भानू आणि त्यांची फटकळ, सोशिक बयो अनेकांना अजून आठवत असतील. मोठ्या माणसाच्या सावलीत राहणाऱ्यांना ऊन लागत नाही असे नव्हे. कर्व्यांच्या आयुष्यातून चिकाटी घ्यावी, साधेपणा घ्यावा. पण घरच्यांना न विचारता घरचे पैसे देऊन टाकण्याचा धडा घ्यावा का, याचे उत्तर प्रत्येक वाचकाने आपल्या घरात बसून शोधलेले बरे. कर्व्यांनाही आपण घरावर किती भार टाकला याची जाणीव नव्हती असे नाही. मात्र ती जाणीव झाली म्हणून त्यांनी मार्ग बदलला नाही.

आश्रमाला या घराने आणखी एक माणूस दिले. आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षी विधवा झाल्या, पदरी मुलगा. त्या हिंगण्यात आल्या, शिकल्या आणि आश्रमासाठी निधी जमवण्याच्या कामात कर्व्यांपेक्षाही पुढे गेल्या. १९१८ मध्ये, इंग्रजी जेमतेम येत असताना, त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. घरकामे करून राहिल्या, इंग्रजी शिकल्या आणि आश्रमासाठी पैसे घेऊन दोन वर्षांनी परतल्या. कर्व्यांच्या बोलण्यात जादू नसेल, पण त्यांच्या सहवासात माणसे आपल्या कुवतीपलीकडे जात, याचे पार्वतीबाई हे सर्वांत मोठे उदाहरण होय.

पन्नाशीनंतर माणूस निवृत्तीचे हिशेब मांडू लागतो. कर्व्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम अजून सुरूही झालेले नव्हते. १९०७ मध्ये त्यांनी महिला विद्यालय काढले, १९०८ मध्ये निरपेक्ष सेवा करणारे कार्यकर्ते घडवण्यासाठी निष्काम कर्ममठ स्थापन केला. १९१५ मध्ये बनारसच्या बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी त्यांना जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका पाठवली. त्या वर्षाअखेर मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले होते. त्या व्यासपीठावरून त्यांनी भारतातही स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ हवे, ही कल्पना मांडली. १९१६ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, ती प्रत्यक्षात आणली. पहिल्या वर्गात विद्यार्थिनी होत्या पाच!

पाच विद्यार्थिनींचे विद्यापीठ ही थट्टेचीच बाब होती आणि थट्टा झालीही. मातृभाषेतून शिक्षण देणाऱ्या या विद्यापीठाच्या पदवीला सरकारी मान्यता नव्हती. पुरुषांना जे शिक्षण मिळते तेच स्त्रियांना का नको, हा आक्षेप तर आजच्या दृष्टीनेही विचार करण्यासारखा आहे. तथापि, ज्या घरांतून मुलगी चौथीपुढे शिकत नव्हती, त्या घरांचा उंबरठा ओलांडण्यासाठी ही वाट कर्व्यांना सुकर वाटली. चार वर्षांनी, १९२० मध्ये, मुंबईचे उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. आपल्या जपान प्रवासात तेथील महिला विद्यापीठ पाहून ते प्रभावित झाले होते. त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठाला देण्यात आले. आपण ज्याला एसएनडीटी म्हणतो ते हेच. १९३६ मध्ये त्याचे मुख्यालय मुंबईस गेले आणि कायद्याची मान्यता मिळाली ती १९५१ मध्ये. म्हणजे स्थापनेनंतर पस्तीस वर्षांनी. कर्वे तेव्हा त्र्याण्णव वर्षांचे होते. त्यांना ती पाहायला मिळाली, हा दीर्घायुष्याचा लाभ. पण पस्तीस वर्षे मान्यतेवाचून काम चालू ठेवले, त्यात दीर्घायुष्याचा संबंध नाही.

१९२९ साली, एकाहत्तराव्या वर्षी, ते जगप्रवासाला निघाले. इंग्लंड, युरोप, अमेरिका, जपान असा तो दौरा. शिक्षणविषयक परिषदांना ते उपस्थित राहिले, बर्लिनमध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांची भेट झाली, आणि जेथे संधी मिळेल तेथे हा कोकणी गृहस्थ आपल्या विद्यापीठासाठी मदत मागत राहिला. परत आल्यावर फार विश्रांती न घेता आफ्रिकेतील भारतीयांकडून निधी जमवण्यासाठी ते पुन्हा बोटीत बसले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापन केले आणि आपल्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातला वाटा त्यासाठी दरमहा बाजूला काढला. मुंबईत शिकवण्या करताना घालून घेतलेला तो जुना नियम अजून चालूच होता. विद्यापीठ स्थापून झाल्यावर खेड्यातल्या बिगारीच्या वर्गाकडे वळणे म्हणजे खाली उतरणे, असे त्यांच्या मनातही आले नसावे. १९४४ मध्ये जातिभेद व उच्चनीचता दूर करण्यासाठी समता संघ निघाला. तरुणपणी मर्यादित वर्तुळात काम केल्याचा जो आक्षेप त्यांच्यावर घेतला जाई, त्याला शहाऐंशीच्या घरात दिलेले हे उत्तर होते, असेही म्हणता येईल. उशिरा दिलेले, परंतु त्यांच्या बहुतेक गोष्टी उशिराच झाल्या.

वय वाढत गेले तसे दुःखही पदरात पडत गेले. १९५० च्या नोव्हेंबरमध्ये आनंदीबाई गेल्या. सत्तावन्न वर्षांचा संसार संपला. १९५३ मध्ये थोरला मुलगा रघुनाथ गेला. संततिनियमनाचा प्रचार केल्यामुळे विल्सन महाविद्यालयातील नोकरी गमावलेले, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक अखेरपर्यंत एकहाती चालवणारे र. धों. कर्वे ते हेच. बापाने लोकांच्या कलाने पावले टाकली, मुलाने लोकांची पर्वाच केली नाही. एकाच घरातले हे दोन स्वभाव. मुलाच्या हयातीत त्याच्या वाट्याला खटले आणि उपहास आला. बापाला सन्मान पाहायला मिळाले. त्या सन्मानांच्या वर्षांत बाया मात्र सोबत नव्हत्या.

१९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, शताब्दीच्या वर्षी, भारतरत्न असे सन्मान त्यांना लाभले. १८ एप्रिल १९५८ रोजी मुंबईत त्यांचा जाहीर सत्कार झाला, त्यास पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आले होते. त्याच दिवशी टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. हयात असलेल्या भारतीयाचे चित्र टपाल तिकिटावर येण्याची ती पहिलीच वेळ होती. ज्या मुलाला वय दिसत नाही म्हणून साताऱ्याहून परत पाठवले होते, त्याच्या वयाचाच हा सोहळा होता!

हिंगण्याची ती झोपडी आजही जपून ठेवलेली आहे. तिच्या भोवती आता मोठे शैक्षणिक संकुल उभे आहे. १९९१ पासून संस्थेचे मुलींसाठीचे अभियांत्रिकी महाविद्यालयही तेथे चालते आणि सकाळच्या वेळी दुचाकींवरून येणाऱ्या विद्यार्थिनींमुळे कर्वेनगरच्या रस्त्यावर वाहतुकीची कोंडी होते. अण्णांचे निधन ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात झाले. त्यांना तेव्हा एकशे पाचावे वर्ष चालू होते.